चार्जमन बाईंची झडती

आमच्या शेजारच्या घरात बैठकीच्या दारावर एक पाटी आहे. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं : ‘मनुष्य मर्यादा – ३’. पहिल्यांदा येणारा माणूस ती वाचतो, आपण किती जण आलो ते मागे वळून मोजतो आणि घाबरत घाबरत बेल दाबतो. बेल दाबून काही उपयोग नसतो. बाई बेलला दार उघडत नाहीत. खिडकीसमोर उभं राहून रेल्वेच्या गार्डासारखा हात हलवावा लागतो, मग त्या येतात.

घाबरायचं कारण नाही. त्या खोलीत बॉम्ब नाहीत, पत्ते आहेत. पण बाईंचा जन्म जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेला. तिथं दारूगोळ्याच्या इमारतीत एका वेळी किती माणसांनी असावं, हे पाटीवर लिहिलेलं असतं. बाई निवृत्त झाल्या, पाटी झाली नाही. पेंटरकडून स्वतःच्या मराठीत लिहून घेतली आणि दारावर ठोकली.

बाईंचं नाव शकुंतला हटवार. पण या नावानं त्यांना फक्त बँक ओळखते. बाकी सगळं जवाहरनगर त्यांना चार्जमन बाई म्हणतं. चार्जमन हा फॅक्टरीतला हुद्दा. हाताखाली पन्नास माणसं असलेल्या बाईला ‘मन’ कसं म्हणायचं, असा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. बाईंचा आवाजच असा की प्रश्न पडला तरी तो माणूस मनातच ठेवायचा. ‘‘भाऊ, आज मेथी स्वस्त आहे,’’ हे एवढं वाक्य त्या कुंपणापलीकडून बोलल्या की अख्खी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर पडते. मशीनच्या घरघरीवर आवाज काढायची सवय लागली असेल, असं मी समजत होतो.

माझं फॅक्टरीच्या गेटच्या रस्त्यावर औषधाचं दुकान आहे. तिथं रोज कोणीतरी येतं आणि काउंटरवर ओठंगून हळूच म्हणतं, ‘‘भाऊ, झोपेची गोळी द्या ना एखादी.’’ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही. मग मी बाईंच्या घराचा रस्ता दाखवतो. यात माझ्या धंद्याचं नुकसान आहे, हे माझी बायको मला आठवड्यातून एकदा तरी सांगते. पण काय करणार, बाईंकडे जाऊन आलेली माणसं झोपतात.

आता पत्त्यांबद्दल. हे रमीचे पत्ते नव्हेत, टॅरोचे. बाईंची सून मधुरा पुण्याची. ती रोज सकाळी चहासोबत यातला एक पत्ता काढते आणि त्या चित्राकडे बघत दहा मिनिटं गप्प बसते. गेल्या वर्षी दिवाळीला आली तेव्हा तिनं सासूबाईंना समजावलं, की हे भविष्य नाही, आपल्या मनात काय चाललंय ते आपणच बघायचं असतं. चित्र फक्त निमित्त. जाताना एक जोड सासूबाईंसाठी ठेवून गेली. बाईंनी तो आठ दिवस उलटापालटा करून पाहिला आणि नवव्या दिवशी मला म्हणाल्या, ‘‘समजलं मले. हे तं झडती आहे.’’

फॅक्टरीत आत जाताना गेटवर झडती होते. खिशात माचिस आहे का, बिडी आहे का, फोन आहे का. माणूस विसरलेला असतो, झडती घेणारा विसरत नाही. बाईंचं म्हणणं असं, की मनाचंही तसंच. आपण काय घेऊन फिरून राहिलो ते आपल्याला माहीत नसतं. ‘‘पत्ता काही सांगत नाही, भाऊ. पत्ता खिसे उलटे करते.’’ तेव्हापासून आमच्या भागात टॅरो हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘‘बाई, आज झडती आहे का?’’ एवढंच विचारतात.

झडतीचे नियम कडक. दाराशी स्टुलावर स्टीलचं ताट. त्यात फोन ठेवायचा, माचिस ठेवायची आणि तोंडातला खर्रा बाहेर थुंकून यायचं. खर्रा ही आमच्याकडची सुपारी-तंबाखूची घोटलेली पुडी. ती गालात ठेवूनच आमचा माणूस जन्मतो की काय, असं वाटावं. ती थुंकायला लावणं म्हणजे त्याला अर्धे कपडे उतरवायला लावण्यासारखं आहे. तरी थुंकतात. आत गेलं की टेबलाच्या पलीकडे बाई, अलीकडे तुम्ही आणि टेबलावरचा दिवा बाईंच्या नव्हे, तुमच्या तोंडावर. पोलीस ठाण्यात असतो तसा. विजेची लाईन गेली की झडती बंद, मग तुम्ही कितीही रडण्याच्या बेतात आलेले असा. एका ठेकेदाराच्या मिशा ओठांवर छपरासारख्या आल्या होत्या. बाईंनी त्याला सरळ सांगितलं, ‘‘आधी कटिंग करून या.’’ तो गेला आणि खरंच कापून आला. दहा वर्षांनी त्याचा वरचा ओठ पाहिला, असं त्याची बायको सांगत होती.

आणि तिसरा माणूस लागायचाच. धोक्याच्या इमारतीत एकट्यानं काम करायचं नाही, साक्षीला कोणी हवं, हा बाईंचा जुना नियम. दुपारी माझं दुकान बंद असतं, म्हणून तो तिसरा बहुधा मी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं, बोलायचं नाही, बाहेर जाऊन सांगायचं नाही. आता हे लिहितो आहे ते बाईंना विचारून. ‘‘लिहा,’’ म्हणाल्या, ‘‘पन कोंबडीवाल्याचं नक्की लिहा.’’

तर तो कोंबडीवाला. बाईंचं माहेर साकोलीकडचं एकोडी. तिथं कोणीतरी बातमी पोचवली की आपल्या गावची लेक जवाहरनगरला ‘पाहते’. झालं, एक कास्तकार नारळ, पायलीभर तांदूळ आणि काखेत जिवंत कोंबडी घेऊन दाराशी हजर.

‘‘बाई, माहा हल्या हरपला,’’ तो म्हणाला. हल्या म्हणजे रेडा.

‘‘हे देवाचं काम नाही, गा. ही झडती आहे. कोंबडी बाहेर ठेव.’’

‘‘कोंबडी कायले बाहेर?’’

‘‘पाटीवर मनुष्य लिहिला आहे. कोंबडी नाही.’’

कोंबडी माझ्या ओट्यावर बांधली गेली. त्यानं पत्ता काढला. त्यावर एक माणूस दहा काठ्यांचा भारा कवटाळून वाकून चाललेला होता.

‘‘काय दिसते?’’ बाईंनी विचारलं. हा त्यांचा एकुलता एक प्रश्न. त्या अर्थ सांगत नाहीत, पत्त्याचं इंग्रजी नावही सांगत नाहीत. ‘‘बोट ठेव, अन् काय दिसते ते माह्याकडं पाहून सांग.’’

‘‘मानूस भारा घेऊन जाऊन राहिला.’’

‘‘कसा जाऊन राहिला?’’

‘‘वाकून. त्याले सामनेचं काही दिसून नाही राहिलं.’’

‘‘कोन आहे तो?’’

त्यानं बोट भाऱ्यावरून त्या माणसावर सरकवलं. मग म्हणाला, ‘‘मीच होय, बाई.’’ आणि पुढचा अर्धा तास त्यानं रेड्याचं नावही काढलं नाही. धाकटा भाऊ नागपूरला कामाला गेला, तेव्हापासून रोवणी, कापणी, म्हातारी, सगळं याच्याच डोक्यावर. त्या दिवशी एवढा थकला होता, की दावं बांधलं की नाही हेही आठवत नव्हतं. भावाला ‘ये’ म्हणायला लाज वाटत होती. बाहेर पडताना त्यानं ताटातला फोन उचलला आणि माझ्या ओट्यावर बसूनच भावाला लावला. रेडा दोन दिवसांनी कोंडवाड्यात सापडला, तो कोणीतरी आधीच नेऊन घातलेला होता. पण एकोडीत आजही सांगतात, की बाईनं पत्त्यावर रेडा दाखवला.

विलायती चित्रांना बाईंनी आपल्या मनानं नावं ठेवली आहेत. कंदील घेऊन डोंगरावर उभा असलेला म्हातारा म्हणजे ‘पाणी वळवायला निघालेला’. एका पेल्यातून दुसऱ्यात ओतणारी पंखवाली देवता म्हणजे ‘दूधवाला’. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला पोरगा, समोर तीन पेले, चौथा ढगातून कोणीतरी देतं आहे तरी बघत नाही, तो ‘रुसलेला जावई’. हा पत्ता निघाला की बाईंना हसू आवरत नाही.

एवढं सगळं असून बाई फोनवर मात्र सहसा बोलायच्या नाहीत. ‘‘फोन अन् माचिस सारखीच,’’ म्हणायच्या. ‘‘खिशात ठेवली की कधी पेटन त्याचा नेम नाही.’’ आम्ही हसायचो. चार्जमन बाईंचं आणखी एक खूळ, म्हणून सोडून द्यायचो.

यंदा धानाची कापणी उरकली, गावोगावी मंडईच्या जत्रा भरायला लागल्या, आणि एका संध्याकाळी बाईंचा मुलगा निलेश माझ्या दुकानात आला. पुण्याला नोकरी, बोलणं पुण्याचं झालेलं. पण तोंड असं उतरलेलं की मी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला.

‘‘काका, आईचं डोकं ठीक नाही,’’ तो म्हणाला.

मी त्याला स्टुलावर बसवलं. त्यानं सांगितलं ते असं. दर रविवारी तो फोन करतो. आई उचलते तर उचलते, चार शब्द बोलते आणि ठेवते. दसऱ्याला त्यानं विचारलं, आई, आता कायमची पुण्याला येतेस? आई म्हणाली, हो. तळमजल्याचं घर बघतो, तुला जिने नकोत. हो. इथलं घर भाड्यानं देऊ. हो, बरं. त्यानं सगळी तयारी केली. त्या दिवशी सकाळी येऊन म्हणाला, आई, बॅग भर, तर आई म्हणाली, कुठं? कोणाची बॅग?

‘‘एकही गोष्ट आठवत नाही, काका. मी असं काही विचारलंच नाही म्हणते. मधुराच्या मामांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी मुलांनाही ओळखेनात. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. परवाची तिकिटं आहेत. ती यायला तयार नाही. तुम्ही समजावा.’’

या बाईंना माझ्या दुकानातल्या कुठल्या कपाटात काय आहे ते माझ्यापेक्षा जास्त पाठ. पण असले आजार असेच चोरपावलानं येतात, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आलेलो. दुकान बंद केलं आणि त्याच्यासोबत निघालो. बाईंना घेऊन गेले तर शेजारचं घर परक्याचं होईल, आणि घेऊन गेले नाहीत तर त्यांचं काय होईल, या दोन विचारांत मी नुसता हिंदकळत होतो.

बाई खिडकीतूनच म्हणाल्या, ‘‘माहीत आहे मले, कायले आले ते. बसा. झडती घेऊन टाकू.’’

‘‘आई, ही खेळायची वेळ नाही,’’ निलेश म्हणाला.

‘‘फोन ताटात ठेव.’’

त्यानं ठेवला. आईसमोर बसला. दिवा त्याच्या तोंडावर. मी माझ्या कोपऱ्यात. त्यानं रागारागानंच गड्डीतून एक पत्ता ओढला आणि टेबलावर टाकला. वर चंद्र होता, डोळे मिटल्यासारखा खाली बघणारा. खाली दोन कुत्रे, तोंड वर केलेले.

‘‘काय दिसते?’’

‘‘चंद्र.’’

‘‘अन्?’’

‘‘कुत्रे आहेत. भुंकून राहिले.’’ पुण्याचं बोलणं एका वाक्यात गळून पडलं. ‘‘भुंकूनच राहिले अन् तो चंद्र ऐकून नाही राहिला. ते कुत्रं मी होय, आई. दोन वर्षं झाले, फोनवर भुंकून राहिलो. तू हो म्हनते अन् ठेवून देते. बाबा गेले अन् तेरावं झाल्याबरोबर मी नोकरीवर गेलो, त्याचा राग आहे ना तुले? राग असन तं शिव्या दे ना. अन् राग नसन, खरंच आठवत नसन, तं चल माह्यासंगं. मले भेव लागते, आई.’’

बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. पापणीही न हलवता. मग त्यांनी पत्त्यावर स्वतःचं बोट ठेवलं. मी एवढ्या झडत्यांना बसलो, पण बाईंनी पत्त्यावर बोट ठेवलेलं कधी पाहिलं नव्हतं.

‘‘याचं डोकं ठीक आहे, बाबू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याले राग बी नाही. याले ऐकूच येत नाही.’’

मला वाटलं, हा झडतीचाच काही प्रकार असेल. बाईंनी बोट उचलून स्वतःच्या कानाला लावलं.

‘‘मले. या कानानं काहीच नाही. त्या कानानं जरासं. माह्या मायचे बी असेच गेले होते. तोंडाकडं पाह्यलं की समजते. उजेड पाह्यजे अन् समोरच्याच्या तोंडात खर्रा नाही पाह्यजे. फोनमधलं तं मले एक अक्षर समजत नाही.’’

‘‘मंग हो कायले म्हनत होती?’’

‘‘तू काय विचारत असशीन?’’ बाई म्हणाल्या. ‘‘जेवली का. गोळी घेतली का. बरी आहे का. याचं उत्तर होच असते ना रे.’’

निलेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मी उठलो, आणि जवळ गेल्यावर कळलं, की तो रडत होता खरा, पण निम्मा हसत होता. ‘‘काका, डोकं नाही,’’ तो म्हणाला, ‘‘कान! नुसते कान!’’ कोणाचे कान खराब निघाले म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मलाही इतकं हलकं वाटलं की मी मध्येच ‘‘वा वा, छान झालं,’’ असं काहीतरी बोलून गेलो. बहिऱ्या बाईसमोर हे शोभत नव्हतं, पण त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं आणि त्याही हसल्या.

‘‘हो-हो करता करता तू घर भाड्यानं देऊन टाकलं, आई,’’ निलेश डोळे पुसत म्हणाला.

बाई ताडकन उठल्या. ‘‘कोनाले?’’

‘‘बँकेतल्या एका साहेबाले. एक तारखेपासून.’’

‘‘फोन लाव त्याले! आत्ता लाव. अन् माह्यासमोर बोल, तोंड दिसू दे मले, काय सांगून राहिला ते!’’

ताटातला फोन आत आला. झडतीच्या खोलीत फोन येण्याची ती पहिलीच वेळ. साहेब भला माणूस निघाला. ऐकून घेतलं, दुसरं घर बघतो म्हणाला. निलेशनं तिकिटं रद्द केली, आठ दिवस राहिला, आईला नागपूरला नेऊन कान तपासून आणले. दोन्ही कानांत चिमुकली यंत्रं बसली. डोकं त्यांनी हट्टानं तेवढ्यातच तपासून घेतलं. ‘‘झडती अर्धी नाही सोडायची,’’ म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे वाक्य बाईंनी यंत्र नवीन असूनही अगदी स्वच्छ ऐकलं, आणि आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

निलेश गेल्यावर एका दुपारी मी विचारलं, ‘‘बाई, आम्हाला तरी सांगायचं. शेजारी कशाला असतात?’’

बाई मेथी निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, ‘‘बहिरी आहे म्हनून कळलं की लोक मोठ्यानं बोलतात, भाऊ. अन् मोठ्यानं मनातलं कोन बोलते? हे गेले, नोकरी सरली, घरात आवाजच राहिला नाही. लग्नाकार्यात मी नुसती हसत बसो. चार बाया हसल्या की मी हसो. मंग हे पत्ते आले. लोक सामने येऊन बसले, माह्याकडं पाहून बोलले, हळूहळू बोलले. त्यांची झडती होत होती. मले मात्र कोनी तरी बोलाले भेटत होतं.’’

मी त्यांच्याजवळ बसलो आणि मेथी निवडू लागलो. देठं जास्त ठेवतो म्हणून बोलणी खाल्ली.

परवा रविवारी संध्याकाळी मी कुंपणाला लागून गवत उपटत होतो. पलीकडे अंगणात बाई खाटेवर बसलेल्या, मांडीवर फोन, त्यात निलेशचं तोंड. यंत्रामुळे बाईंचा आवाज आता आपोआप खाली आला आहे, त्यामुळे मला कान द्यावा लागला. तो ऑफिसचं काहीतरी सांगत होता, मग मधुरानं केलेल्या फसलेल्या वड्यांचं, मग पुण्याच्या थंडीचं. शेवटी म्हणाला, ‘‘आई, इथं तुझी फार आठवण येते.’’

‘‘पुन्हा सांग,’’ बाई म्हणाल्या.

‘‘का? ऐकू नाही आलं? बॅटरी संपली का मशीनची?’’

‘‘आलं ना ऐकू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तरी पुन्हा सांग.’’